दाढेतली पोस्ट

मराठी माणसाचं दातांवर फार प्रेम. निदान बोलण्यापुरतं तरी. आपण शत्रूचे दात त्याच्या घशात घालतो, भावकीवर पिढ्यान्‌पिढ्या दात धरतो, मुलांना शिकवून शिकवून दाताच्या कण्या करतो, आणि कुणी हसलंच तर 'हसतील त्याचे दात दिसतील' म्हणून मोकळे होतो. ज्या भाषेत वाक्प्रचारांची अशी भक्कम बत्तिशी आहे, त्या भाषेत खुद्द दाताचा इतिहास मात्र कुणी शिकवत नाही. मी स्वतः ३६ वर्षं नंदुरबारच्या एका शाळेत इतिहास शिकवला. पानिपत शिकवलं, प्लासी शिकवली, तहांची कलमं पाठ करून घेतली. पण पहिल्या बाजीरावाची दाढ कधी दुखली होती का, हा प्रश्न ना पाठ्यपुस्तकात आला, ना कुठल्या विद्यार्थ्याने विचारला. (विचारला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता, ती गोष्ट वेगळी.)

हा विषय माझ्या अभ्यासक्रमात आला तो निवृत्तीनंतर, आणि आला तो पपईमुळे. पपई म्हणजे आमच्या शहादा-तळोद्याकडचं घरचं फळ. ज्या दाढेने साठ वर्षं कळण्याची भाकरी, भाजलेले हरभरे आणि शेंगदाण्याची चिक्की बिनतक्रार दळली, ती दाढ पिकल्या पपईच्या फोडीवर धारातीर्थी पडली. एखादा शूर सरदार बावन्न लढायांतून सुखरूप यावा आणि घरी घोड्यावरून उतरताना पाय मुरगळून कायमचा बसावा, तसं झालं. सुळ्यामागची लहान दाढ होती. तिच्यात फार जुनं चांदीचं सिमेंट भरलेलं होतं. ते एका बाजूची भिंत घेऊन बाहेर आलं.

आमच्या दातांच्या डॉक्टर म्हणजे वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी कागदावर माझं वय लिहून घेतलं आणि मग तोंड उघडायला सांगितलं. आमच्या जिल्ह्यात याचा क्रम उलटा आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडतं आणि दात बघून वय ठरवतं; मालक काय सांगतो याला फारशी किंमत नसते. डॉक्टरांनी आरसा फिरवला, फोटो काढला, आणि म्हणाल्या, "सर, वरचा बराच भाग गेलाय, पण मूळ छान आहे. रूट कॅनल करू, आत पोस्ट बसवू आणि वर कॅप घालू."

"पोस्ट?" मी म्हणालो. म्हणजे तोंडात कापूस होता, त्यामुळे 'होश्ट' म्हणालो.

आमच्या भागात पोस्ट हा शब्द फार जपून वापरावा लागतो. पोस्ट मंजूर होते, पोस्ट रिक्त असते, पोस्टवर ऑर्डर निघते आणि ऑर्डर निघालेला माणूस सातपुड्याचा नकाशा पाहून रजेवर जातो. तेव्हा एखादी पोस्ट खरोखरच भरली जाणार, तीही आठवड्याभरात, या बातमीने मी सुखावलो. घरी सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाल्या, "पगार किती?" शेजारचे नाना पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ते गंभीरपणे म्हणाले, "चाळीस वर्षं खात्यात काढली, पण दाढेत ब्रँच उघडल्याचं पहिल्यांदाच ऐकतोय."

मग मी माझ्या जुन्या सवयीप्रमाणे या पोस्टचा इतिहास शोधायला बसलो. शिक्षकाला कशाचीही भीती वाटली की तो आधी त्याची सनावळी काढतो.

दात कोरण्याची कला फार जुनी. बलुचिस्तानात मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष सापडले. त्यांत नऊ माणसांच्या अकरा दाढांना नीट गोल भोकं पाडलेली आढळली. गारगोटीच्या टोकाने, जिवंतपणी! तिथे मणी भोसकणारे कारागीर होते, त्यांच्याच हत्याराने हे काम झालं असावं असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणजे जगातला पहिला दंतवैद्य बहुधा मणियार होता. आपल्याकडे सुश्रुताने दातांच्या आणि हिरड्यांच्या रोगांची यादी केली, दात खरवडायला दंतशंकू नावाचं हत्यार सांगितलं, आणि वरचा दात हलत असला तरी तो उपटण्याची घाई करू नये, असं बजावून ठेवलं. पण मोडक्या दाताच्या मुळात खांब रोवून त्यावर नवा दात उभा करायचा, ही युक्ती नीट लिहून ठेवली ती पिअर फोशार या फ्रेंच गृहस्थाने. त्याचा दोन खंडांतला ग्रंथ आला १७२८ साली. त्याच वर्षी इकडे पालखेडला बाजीरावाने निजामाचे दात घशात घातले. तिकडे फोशार घशात जाऊ पाहणारे दात परत जागेवर बसवत होता.

फोशारची पद्धत अशी. मूळ साफ करायचं, त्यात सोन्याची किंवा चांदीची मेख बसवायची, राळेसारखा चिकट पदार्थ तापवून तिला धरायचा आणि तिच्यावर कृत्रिम दात चढवायचा. असे दात पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतात, असा त्याचा दावा होता. दाढदुखीवर स्वतःच्याच मूत्राने चूळ भरावी, असाही सल्ला त्याच ग्रंथात आहे; थोरांचं सगळंच घ्यायचं नसतं.

फोशारनंतर आले लाकूडवाले. सोनं महाग, म्हणून लोक लाकडाची खुंटी ठोकू लागले. यात एक हुशारी होती. कोरडी खुंटी मुळात सहज जाते, मग लाळेने भिजते, फुगते आणि घट्ट बसते. चिकटवायला काही नको! आपल्याकडचा कुठलाही सुतार ही युक्ती ऐकून मान डोलावेल. पण कुठलाही पाथरवट मात्र हसेल. कारण मोठा धोंडा फोडायचा असला की भोकांत कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं, हा त्याच्या धंद्यातला जुना प्रयोग. लाकूड फुगतं आणि धोंडा दुभंगतो. दाताचं तेच झालं. ज्या फुगण्याने खुंटी घट्ट बसली, त्याच फुगण्याने मुळं उभी चिरली. शिवाय ओलं लाकूड कुजायचं ते वेगळंच. सुताराचं ऐकलं आणि पाथरवटाला विचारायचं राहिलं, म्हणून युरोप-अमेरिकेत किती दात गेले याची गणती नाही.

पुढे १८७८ साली अमेरिकेतल्या रिचमंड नावाच्या दंतवैद्याने मेख आणि वरचा दात एकसंध करून दाखवला. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. ग्रंथकारांना एकसंध करण्याचं काम मात्र अजून चालूच आहे.

मग १९०७ साली टॅगार्ट नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने मेणाचा नमुना करून, त्याभोवती साचा बांधून, मेण वितळवून त्या जागी सोनं ओतण्याची रीत दातांच्या कामात रूढ केली. म्हणजे ज्याच्या त्याच्या मुळाच्या मापाची मेख ओतता येऊ लागली. अमेरिकेत त्याचा मोठा गवगवा झाला. आपल्या ओताऱ्यांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मेणावरून मूर्ती ओतण्याची कृती दिलेलीच आहे. आपण देव ओतले, त्यांनी दाढा ओतल्या. ज्याची त्याची निकड.

पण १९०७ म्हटलं की आम्हां नंदुरबारकरांना आठवतं सुरत. ताप्ती लाइनवर आमची पहिली मोठी बाजारपेठ तीच. लग्नाचा बस्ता असो की अवघड दुखणं, आम्ही पुण्या-मुंबईआधी सुरतेकडे बघतो. त्या वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ अशी उभी चीर गेली. धातूच्या मेखेचा धोका नेमका हाच. धातू दातापेक्षा फार ताठ. चावण्याचा जोर आला की तो स्वतः वाकत नाही. सगळा जोर मुळाच्या भिंतीवर टाकतो, आणि एक दिवस मूळ उभं चिरतं. मेख ठणठणीत आणि मूळ गेलेलं! काँग्रेसचा सांधा निदान १९१६ साली लखनौला जुळला. दाताच्या मुळाला लखनौ नसतं. उभी चीर गेली की बहुतेक वेळा तो दात काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

म्हणून नव्वदच्या दशकात फ्रान्समधून नवी पोस्ट आली, तंतूंची. आधी कार्बनच्या काळ्या तंतूंची, मग काचेच्या पांढऱ्या तंतूंची, राळेत घट्ट बांधलेली. तिचा गुण म्हणजे ती दाताइतकीच थोडी लवते. जोर फार झाला तर बहुधा ती स्वतः सुटते, पण मुळाला चिरत नाही. आणि सुटलेली पोस्ट पुन्हा बसवता येते. सरकारी असो की दाढेतली, पोस्ट थोडी लवचीक असावी, हे शहाणपण यायला फोशारनंतर अडीचशेहून अधिक वर्षं लागली.

हे सगळं वाचून मी डॉक्टरांकडे गेलो आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारावा तशा थाटात म्हणालो, "तर मग पोस्टने दाढ मजबूत होते."

"नाही सर," त्या म्हणाल्या. "पोस्टने दाढ मजबूत होत नाही. उलट ती बसवायला आतून आणखी कोरावं लागतं. ती फक्त वरचं बांधकाम धरून ठेवते. मजबुती असते ती तुमच्याच उरलेल्या दातात."

मग त्यांनी समजावलं. विळ्याच्या मुठीवर लोखंडी कडं असतं, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असते, तशी कॅप दाताला बाहेरून कवळते. पण कवळायला काही हवं ना? हिरडीच्या वर चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर तरी अस्सल दात शिल्लक लागतो. तेवढा असेल तर साधी पोस्टही वर्षानुवर्षं टिकते. नसेल तर सोन्याचीही फुकट. ३६ वर्षं मी मुलांना सांगत आलो की साम्राज्य टिकतं ते राजधानीतल्या खांबांवर नाही, गावागावांत उरलेल्या माणसांवर. तेच वाक्य माझ्याच दाढेविषयी ऐकताना जरा भारी वाटलं.

रूट कॅनलच्या दिवशी त्यांनी मुळातली मेलेली शीर काढली, पोकळी धुतली आणि ती गटापर्चाने भरली. हा मलायाकडच्या झाडाचा चीक. १८६७ साली तो पहिल्यांदा दाताच्या मुळात भरला गेला. पण त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, याच चिकाचं वेष्टण चढवून समुद्राखालून तारायंत्राच्या तारा टाकल्या गेल्या होत्या. नंतर पोस्टसाठी वरचा गटापर्चा काढतात, पण टोकाकडचा चार-पाच मिलिमीटर ठेवतात, म्हणजे खालून जंतू चढत नाहीत. संध्याकाळी मी नानांना सांगितलं, "नाना, तळाशी तार आणि वर पोस्ट. माझ्या एका दाढेत तुमची दोन्ही खाती आली." नानांचे डोळे पाणावले. तारखातं २०१३ साली बंद झालं तेव्हा ते दिवसभर जेवले नव्हते.

मला हा थाट परवडला, कारण दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर आणि पेन्शन महिन्याच्या महिन्याला. माझ्या आईच्या वेळी असं नव्हतं. तिचा आणि तिच्या सगळ्या पिढीचा दातांबाबतीत एकच मंत्र होता. अहिराणीत ती म्हणायची, "काढी टाक ना मग, कसाले इतला तरास?" यात हौस नव्हती, हिशोब होता. डॉ. रफीउद्दीन अहमदांनी देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय कलकत्त्यात काढलं ते १९२० साली. मुंबईत नायरचं निघालं १९३३ साली. दंतवैद्यांची रीतसर नोंदणी करणारा कायदा आला १९४८ साली. तिथून शिकलेला माणूस खान्देशातल्या गावापर्यंत पोचेपर्यंत आईचे दात थांबले नाहीत. दात काढायला एक खेप लागते, वाचवायला चार. घरात चार पोरं आणि दारात गुरं असलेल्या बाईने चार खेपा कुठून आणायच्या? पंचावन्नाव्या वर्षी तिच्या तोंडाचं बोळकं झालं. पुढची वीस वर्षं तिने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि आम्हाला कडक भाकरी वाढताना तिची नजर भाकरीवर असायची.

माझ्या शेवटच्या खेपेला दवाखान्यात मोलगीकडचे एक बाबा बसले होते. मोलगी म्हणजे सातपुड्याच्या आत. घाट उतरून अक्कलकुवा, मग तळोदा, मग नंदुरबार. येण्यात अर्धा दिवस आणि जाण्यात अर्धा. त्यांचा समोरचा दात हिरडीजवळ तुटला होता आणि तो काढून मोकळं व्हायला ते आले होते. डॉक्टर त्यांना फोटो दाखवत म्हणाल्या, "बाबा, मूळ चांगलं आहे. आत दांडा बसवू, वर दात होईल." बाबा मान हलवत होते. त्यांचं गणित माझ्या आईचंच होतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "काठीची होळी पाहिलीत ना?"

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात नावाजलेली. रात्रभर ढोल, घुंगरं आणि मोरपिसांचे टोप. आणि मधोमध उंचच उंच बांबू. हा बांबू रोवायचा खड्डा कुदळ-पहारीने खणत नाहीत, हातांनी कोरतात.

"पाहिली?" बाबा पहिल्यांदाच हसले. मधली फट दिसली. "खड्डा कोरलाय मी. या हातांनी."

"मग तो बांबू उभा कशानं राहतो?"

बाबांनी जराही विचार केला नाही. "बांबू आपल्या जोरावर नाय उभा राहत, बाई. माती धरते त्याला. माती भुसभुशीत असली तर कितीबी चांगला बांबू आणा, पडतो." आणि मग थोडं थांबून, अंगठ्याने ओठ वर करत म्हणाले, "यात हाय का माती?"

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आज आहे. पुढच्या होळीपर्यंत नसेल."

मी दोन आठवडे फोशारपासून फ्रान्सच्या तंतूंपर्यंत वाचून जे समजून घेतलं, ते बाबांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी नुसता वहीत टिपण करत राहिलो.

मग खेपांचा हिशोब झाला. धातूची पोस्ट मापं घेऊन बाहेरून ओतून आणावी लागते. तंतूंची त्याच बैठकीत बसते. म्हणजे एक खेप वाचली. रूट कॅनल आणि पोस्ट आजच करायची आणि कॅपसाठी पुढच्या आठवड्यात एकदा यायचं, असं दोन खेपांत ठरलं. पैशांचं दोघांनी हळू आवाजात बोलून घेतलं. तेवढा वेळ मी भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राचा फार बारकाईने अभ्यास केला. माझा नंबर आधी होता. मी म्हटलं, मला घरी जायला दहा मिनिटं लागतात, बाबांना आधी घ्या. त्यांची शेवटची गाडी चुकली असती तर विज्ञानाची तीनशे वर्षांची प्रगती स्टँडवर झोपली असती.

एक गोष्ट मला आता पटली आहे. सोनं झालं, लाकूड झालं, ओतीव धातू झाला, तंतू झाले. माणसाने पोस्ट पाच-सहा तऱ्हांनी बदलली. अलीकडे हाडात स्क्रू रोवून परकं मूळही बसवतो. पण आपल्या आईच्या पोटातून आणलेलं मूळ अजून कुणाला करता आलेलं नाही. म्हणून ज्याची दाढ ठणकत असेल त्याने हा लेख इथेच सोडून आधी फोटो काढून घ्यावा. उशीर होतो तो पोस्टला नव्हे, मातीला होतो.

बाबा पुढच्या आठवड्यात आले, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅप बसल्यावर त्यांनी आरसा मागितला नाही. पिशवीतून मक्याचा भाजलेला दाणा काढून चावून पाहिला. माझी कॅपही नीट बसली आहे. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. सध्या माझ्याकडे दोन्ही आहेत. सौभाग्यवतींनी चण्यांचा डबा मात्र वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि त्या फळीपर्यंत पोचायला कुठलीही पोस्ट उपयोगी पडत नाही.